सोलकढीची वाटी

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. जळगाव जामोदच्या सुभद्राबाईनं, नवरा शेवटचा जिथे जेवला त्या कोकणातल्या खाणावळवालीला कार्ड टाकलं. नवऱ्याचं, शालिग्रामचं, वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि त्यानं शेवटचं जे खाल्लं ते तिला रांधायचं होतं. नारळ बाजारात मिळे. पण आमसुलं आणायची कुठून आणि सोलकढी करायची कशी, गावात कोणाला ठाऊक!

सोलकढीचं नाव तिला चुलत दिरानं, इंद्रभाननं, सांगितलेलं. दोघं भाऊ हौसेनं समुद्र पाहायला गेले आणि हा एकटा परतला. ओसरीवर डोळे पुसत म्हणाला, "दादा पोटभर जेवला वैनी. सोलकढी पेला, मंग पाण्यात उतरला. लाटेनं ओढलं." पुढे दोघांच्या सामाईक विहिरीचं वावर त्यानं एकट्याच्या नावावर करून घेतलं. तरी बिचारीनं हूं की चूं केलं नाही.

कोकणातून आमसुलांचं पुडकं आलं, सोबत पत्र. आमसुलं कोमट पाण्यात भिजवा, नारळाचं दूध काढा, लसूण-मिरची वाटून घाला, मीठ बेतानं. खाली लिहिलं होतं, "पण तुमच्या यजमानांनी सोलकढी तोंडाला लावलीच नाही हो. वाटी वाढली तोच भावानं खडकावर शंख दाखवतो म्हणून त्यांना ताटावरून उठवून नेलं. मग तो एकटाच आला, वाया कशाला घालवायची म्हणत दोन्ही वाट्या प्यायला, आणि त्यानंतर रडायला लागला."

सुभद्राबाईनं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. रडू आलं नाही. अंगाची नुसती आग झाली.

श्राद्धाच्या दिवशी भर दुपारी कावळा पानाला शिवेना. इंद्रभाननं हात जोडून शंभर वचनं दिली. कावळे लिंबावरून हलले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून पानाला लावला. अंगणात पंगती बसल्या. इंद्रभानचं पान मात्र तिनं आत, माजघरात मांडलं. शेजारच्या रिकाम्या पाटापुढे आणखी एक पान. दोन्हीकडे गुलाबी सोलकढीच्या वाट्या.

"ही वाटी काऊन भरली वैनी?"

"त्यायची राह्यली होती न भाऊजी."

इंद्रभानचा घास हातातच राहिला. माजघरात ओल्या वाळूचा, कुजक्या शेवाळाचा वास पसरला. सुभद्राबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. पण हा वास आपल्या गावचा नव्हे, एवढं तिला कळलं. रिकाम्या पाटापुढची वाटी हळूहळू खाली गेली. कोणाचा हात नाही, ओठ नाहीत. ती कोरडी पडली, तशी इंद्रभानची वाटी चढू लागली. तिच्यात आता सोलकढी नव्हती. गढूळ, खारट वासाचं पाणी होतं.

"वैनी... दादा हाये इथं..."

तो उठायला गेला. त्याला उठता येईना.

"ताटावरून उठू नका," ती हळूच म्हणाली. "पेऊन टाका. वाया काऊन घालवता?"

त्याच्याच हातानं वाटी तोंडाला लावली. रिकामी झाली, पुन्हा भरली. त्यानं डोळ्यांनी गयावया केली. अंगणात पन्नास माणसं जेवत होती. तिनं एक हाक मारली असती तरी धावली असती.

सुभद्राबाईनं उठून दाराला आतून कडी घातली.

सरकारी डॉक्टर म्हणाले, "हा बुडून मेलाय. कुठे बुडाला ते सांगा." कोण सांगणार!

इंद्रभानच्या मागे कोणी नव्हतं, वावर तिला परत मिळालं. शालिग्रामपुढची ती वाटी तिनं चिंच-राखेनं घासून फळीवर पालथी ठेवली. दिवसातून दोनदा ती उताणी होऊन काठोकाठ भरलेली सापडते. वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. तिनं त्या वेळा खाणावळवालीला कळवल्या. उलट टपाली उत्तर आलं, "अहो, या तर आमच्याकडच्या भरतीच्या वेळा."

तेही सुभद्राबाईनं सोसलं असतं. पण चार दिवसांपासून शेजारची, तिची स्वतःची वाटीही तळाशी ओली होऊ लागली आहे.