चारशे पासष्ट ग्रॅम

“जमाव पांगवण्यात आला. एकही गोळी झाडली गेली नाही. दिलेले दहा काडतुसांचे पुडके सीलबंद परत आले.”

बराल पाणवठ्याविषयी वसाहतीच्या एका पोलीस अधिकाऱ्याने १८७९ साली लिहिलेला हा अहवाल. पर्सेल त्याचे नाव.

‘पांगवणे’ हे मोठे सोज्वळ क्रियापद आहे. ढग पांगतात, गुरे पांगतात. पांगलेले माणूस निदान कुठेतरी पोचते.

पाणवठ्यावरची मूळनिवासी माणसे कुठेही पोचली नाहीत.

पुढे सांगतो ते खरे आहे. ते जिच्या डोळ्यांदेखत घडले त्या व्हर्ना डूलनला मी वीस वर्षे ओळखतो, आणि कल्पनाशक्तीसाठी ती मुळीच प्रसिद्ध नाही. लष्कराने मोडीत काढलेल्या जुन्या काडतुसांची ती पारख करते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पश्चिमेकडील केलवे गावाचे संग्रहालय, नोव्हेंबरातला मंगळवार, वेळ भर दुपारी बाराची.

पाणवठ्यावर मृतांच्या नावांचा दगड बसवावा, ही व्हर्नाच्या पर्लमावशीची तीस वर्षांची मागणी. तिची आजी त्या दिवशी लव्हाळ्यात लपून वाचली होती. संग्रहालय सांभाळणारा कीथ पर्सेल, त्या अधिकाऱ्याचा पणतू, दर वेळी काचेतले सीलबंद पुडके दाखवी. शेवटी नगर परिषदेने व्हर्नाला लिहिले: पुडके त्या दिवसाचेच आहे का, आणि त्याची किंमत काय? खरे ठरले, तर दगड नाही.

“मावशीचा खटला आणि भाची पारखी!” कीथ हसला. “निकाल लिहूनच आणलायस का?”

“काटा माझ्या नात्यातला नाही, कीथ.”

पर्लमावशी व्हरांड्यातच बसून राहिली.

“आत ये ना मावशी, पंखा आहे.”

“आत दाटी झालीय, पोरी.”

खोलीत दोघेच होते...

सील फोडले की किंमत मातीमोल होते. म्हणून पारखी आधी वजन करतो. व्हर्नाने पुडके पुठ्ठ्यावरून सोडवून काट्यावर ठेवले. चारशे पासष्ट ग्रॅम. दहाही काडतुसे भरलेली.

“बघ! दहाच्या दहा!” कीथने टेबलावर थाप मारली. “पणजोबांनी एक तरी गोळी उडवली का?”

व्हर्नाने पुडके उलटे केले. या स्नायडर बंदुकीच्या काडतुसांच्या बुडावर सालाचा आकडा नसतो. त्यांची जन्मतारीख असते ती पुडक्याच्या चिठ्ठीवर. ती बाजू आजवर पुठ्ठ्याला चिकटवलेली होती.

“१८८४,” ती म्हणाली. “जे पुडकं अजून बनलंच नव्हतं, ते तुझ्या पणजोबांनी पाच वर्षं आधी परत केलं?”

“छपाईची चूक असेल.”

तेव्हा...

पाणवठ्याच्या दिशेकडून बंदुकीचा एक बार झाला.

काट्यावर आकडा होता चारशे तीस.

पुडके हलले नव्हते. सील शाबूत होते. एक गोळी आणि तिची दारू यांचे वजन पस्तीस ग्रॅम भरते, हे व्हर्नाला पाठ होते.

कीथ मात्र खाली कोसळला होता. त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. विजारीला भोक नव्हते. आतून रक्त तेवढे झिरपत होते.

“दार लाव!” तो किंचाळला. “कोण आहे बाहेर?”

बाहेर फक्त मावशी होती. हात मांडीवर ठेवून.

दुसरा बार... तीनशे पंचाण्णव. कीथचा खांदा निखळून मागे गेला. हाडाचा आवाज व्हर्नाने स्पष्ट ऐकला.

तिने पुडके उचलायला हात घातला आणि ओरडून मागे घेतला. कागद निखाऱ्यासारखा तापला होता. खोलीत काळ्या दारूचा वास भरला.

तिसरा. चौथा. कीथ सरपटत दाराकडे निघाला. पाचवा बार पाठीत बसला. पळणाऱ्याला बसतो तसा.

“मावशी, थांबव हे!”

“मी कुठं सुरू केलंय?” पर्लमावशी शांतपणे म्हणाली. “त्याला विचार, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या किती होत्या.”

सहा. सात. आठ. फरशी निसरडी झाली होती.

नववा त्याच्या जबड्याला चाटून गेला, आणि रक्ताच्या गुळणीतून कीथ पर्सेल ओरडला, “सांगतो! सांगतो!”

शांतता...

काट्यावर दीडशे ग्रॅम.

डॉक्टरांनी नऊ जखमा मोजल्या. गोळी एकही सापडली नाही. दगड उभा राहिला. त्यावर नावे आहेत.

पुडके आता सरकारी कोठारात आहे, सील न फुटलेले. व्हर्ना दर नोव्हेंबरात तिथे फोन करून एकच गोष्ट विचारते: वजन किती भरते? दीडशे ग्रॅम म्हणजे त्यात एक काडतूस अजून भरलेले आहे. ते कुणासाठी, हे मावशीनेही सांगितले नाही.

कीथने इस्पितळातल्या खाटेवरून दिलेला जबाब शब्दशः असा:

“पुडकं मी लिलावात घेतलं आणि तारीख खाली करून मीच चिकटवलं. खऱ्या पुंगळ्या पाणवठ्याच्या काठाला निघाल्या होत्या, त्रेसष्ट. मी अठरा वर्षांचा होतो. बाबांनी आणि मी त्या पाण्यात टाकल्या. हाडंही टाकली. त्यातली काही फार लहान होती. मी विचारलं, ही कुणाची? बाबा म्हणाले, पांगवलेल्यांची. मी पुन्हा विचारलं नाही. मला समजलं होतं.”