कॉइलनं घातलेली शीळ

मेरेआना आणि फर्गस पहिल्यांदा भेटले ते माझ्या तंबूत, टेबलाखाली, डोक्यावर डोकं आपटून. खोटं सांगत असेन तर माझी कवळी चहात पडो!

त्याआधी घडलं ते असं. रानफर्लीच्या मैदानावर, मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतीत, मेरेआनाची कुत्री फ्लिस तीन मेंढ्या हाकत कोंडवाड्याच्या तोंडाशी आली होती. यंदा हरली तर मेरेआनाचा बाप कुत्रीला विकणार, हे गावभर झालेलं. समालोचक मी. न राहवून कर्ण्यातून ओरडलो, "शाब्बास, फ्लिस!"

आणि कुठूनशी लांब शीळ... फ्लिस धाडकन गवतावर आडवी! लांब शीळ म्हणजे 'बस'. मेंढ्या उधळल्या. पण मेरेआनानं शीळ घातलीच नव्हती!

ती आवाजाच्या मागावर तरातरा आली, टेबलाखाली वाकली आणि कर्णे बसवणाऱ्या फर्गसला धडकली.

"शीळ कोणी घातली?"

"मी... नाही. हिनं." रेग्युलेटरच्या डब्यातली बोटभर कॉइल दाखवत तो म्हणाला, "बॅटरीचा दाब कर्ण्याला सोसेल एवढा उतरवायचा, तो हिच्या जोरावर. काका नुसते बोलले तर हिला झेपतं. ओरडले की विजेची मागणी उसळते, हिचा गाभा तुडुंब भरतो... आणि ही किंचाळते. मी सरासरी बघून निवडली. उसळी बघायला हवी होती."

माझा आवाज मोठा, हा काही माझा गुन्हा नव्हे.

"म्हणजे माझी कुत्री तुझ्या तारेच्या वेटोळ्याचं ऐकते?"

"तुझ्यापेक्षा गोड बोलते ना ती—"

ती हसणार होती; ओठ चावून थांबली.

त्यानं खिशातून दुसरी काढली, जाड तारेची, मोठ्या गाभ्याची. "ही कितीही बोंबा सोसेल."

"आता काय उपयोग, राजा? माझी बारी गेली. बाहेरून व्यत्यय आला हे पंचांना दिसलं, तरच पुन्हा धावता येतं."

फर्गसनं गुपचूप कॉइल बदलली असती, तर कुणाला कळलंही नसतं. पुढच्या साली पाच खोऱ्यांच्या जत्रांत कर्णे बसवायचं काम त्याला मिळणार होतं. त्यानं नवी कॉइल खिशात टाकली.

"काका, पंचांपुढे ओरडा."

"वेड्या, तुझी अब्रू जाईल!" मी म्हणालो.

"ओरडा तुम्ही."

छाती भरून ओरडलो. कॉइल किंचाळली... आणि मैदानावरची यच्चयावत कुत्री आडवी! पंचांचा ठार बहिरा म्हातारा कुत्रासुद्धा! एक मेंढी तर गुडघे टेकून बसली. माणसं आ वासून उभी.

"चूक माझी," फर्गस म्हणाला. कानाच्या पाळ्या लालबुंद. "कॉइल मी निवडली."

पंचांनी मान डोलावली, फ्लिसला पुन्हा धाव दिली. फर्गसनं नवी कॉइल कथलाचा डाक लावून बसवली. मी डोंगर हलेपर्यंत ओरडलो, ती हूं की चूं नाही. फ्लिसनं तिन्ही मेंढ्या आत घालून बाजी मारली, आणि मेरेआनाचा बाप कुत्रीच्या गळ्यात पडून रडला.

मेरेआना तंबूत आली. "पाच खोऱ्यांचं काम गेलं म्हणे तुझं."

"गेलं."

"फ्लिससाठी घालवलंस?"

"हो..."

"फक्त फ्लिससाठी?"

"...नाही."

"मग विचार मला."

"काय?"

"तेच रे!"

तो इतका गांगरला, की शेवटी तिलाच विचारावं लागलं.