या, बसा जेवायला

खोटं वाटलं तर वाटू दे. पण रोदूला ही माझी सख्खी आतेबहीण आहे, आणि थापा मारणं तिच्या रक्तात नाही.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. तीही रात्रीची नाही, भर दुपारची.

सायप्रसच्या डोंगरातलं आमचं गाव. गावाच्या टोकाला माझ्या आत्याचं, पनायोताचं घर. समोर पाइनची झाडं आणि माता मरियमचं जुनं चर्च. त्याची चावी आत्याच्याच खिशात असते.

आत्याचं हृदय कमजोर झालेलं. डॉक्टर जवळ हवा, म्हणून रोदूला आईला लिमासोल शहरात न्यायला आली होती.

"मी इथून हलणार नाही," आत्या म्हणाली.

"मग उचलून नेते. असं वजन तरी किती आहे तुझं?"

"आधी जेव, पहिलवान!"

दोघी द्राक्षवेलीखाली बसल्या. चवळी, ऑलिव्ह, पाव.

तेवढ्यात पाठीमागे पावलं वाजली...

सोबत काठीची ठकठक.

रोदूलाने मान वळवलीसुद्धा नाही. आमच्याकडे जेवताना वाटेने कुणी गेलं, की तोंडातून आपोआप निघतं. "कोप्यास्ते!" म्हणजे, या, बसा जेवायला.

पावलं थांबली.

झाडांवर किरकिरणारे किडे एकदम गप्प झाले...

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बये, कुणाला बोलावलंस?"

"कुणीतरी चाललं होतं ना, चर्चकडून..."

"चर्चला कुलूप आहे. पलीकडची वाट दरड कोसळून बंद झालीय. तिकडून कोण येणार?"

रोदूलाने वळून पाहिलं. वाटेवर कुणीच नव्हतं.

टेबलाजवळची तिसरी, रिकामी खुर्ची मात्र करकरली...

आत्या उठली. तिसरी ताटली वाढली. "बोलावलंस ना? आता हाकलता येत नाही. खाली बघ आणि जेव."

दोघी खाली बघून जेवल्या. बऱ्याच वेळाने काठी वाजली, चर्चकडे गेली. ताटलीतली चवळी जशीच्या तशी होती. पण बर्फासारखी गार. एवढ्या उन्हात!

"आता तो उलट बोलावणार," आत्या कुजबुजली. "बोलावलं तर तोंड उघडायचं नाही. कळलं?"

आता शहरात जायला ती एका पायावर तयार झाली.

गाडी चर्चच्या दारासमोरच, पाइनच्या सावलीत उभी होती. रोदूलाने आईचा हात घट्ट धरला. दाराला कुलूप तसंच होतं. आतून मेणबत्त्यांचा वास आला...

आणि पुरुषाचा आवाज. अगदी प्रेमळ.

"कोप्यास्ते!"

रोदूलाने ओठ गच्च मिटले.

पण आत्या! जन्माची सवय ती. घाईत असलं की आमच्याकडे देतात, तेच उत्तर तिच्या तोंडून निसटलं.

"आज नको. पुढच्या वेळी नक्की येते हं!"

बोलली, आणि स्वतःचंच तोंड दाबून धरलं.

मी हल्ली दार लावून जेवतो. बाहेर पावलं वाजली तरी हूं की चूं करत नाही. लोक माणूसघाणा म्हणतात. म्हणू देत.

आत्या आता रोदूलाकडे, पाचव्या मजल्यावर राहते. इमारतीत लिफ्ट आहे, जिन्याने कुणी येत नाही. तरी दुपारी ताटं मांडली, की जिन्यात काठी वाजते...

आधी खूप खाली वाजायची. गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावर होती.

परवा आत्याने चर्चला जायचे चांगले कपडे काढून ठेवले.

"कुठे निघालीस?" रोदूला ओरडलीच.

"कुठे नाही गं," आत्या म्हणाली. "पण येते म्हणाले ना मी त्याला."