जीवतोल

कुंभारखिंड वीज उपकेंद्रातल्या आयसोलेटरला, म्हणजे तारेची वीज तोडणाऱ्या खटक्याला, आता पाती उरली नव्हती. पूर्वी दांडा ओढला की तांब्याची पाती बाजूला व्हायची आणि मधली मोकळी जागा डोळ्यांना दिसायची. वीज तुटली, याला लाईनमनला तेवढा पुरावा बास व्हायचा. नव्या आयसोलेटरमध्ये होता एक स्फटिक. हुकूम मिळाला की तो वीज अडवायचा, हुकूम मिळाला की सोडायचा, आणि बाहेरून दोन्ही वेळा सारखाच दिसायचा. कुलूप मात्र जुन्यासारखंच ठेवलं होतं. जो तारेवर चढेल त्यानं ते स्वतः लावायचं आणि किल्ली कुणालाही, अगदी सायबालाही, द्यायची नाही, असा तिथला रिवाज.

त्या सकाळी महिपती थोरबोले कुलूप लावून वर चढले. पक्कड खाली राहिली म्हणून उतरले, आणि पाय जमिनीला लागतात न लागतात तोच वरची तार गुणगुणू लागली. किल्ली त्यांच्या खिशात होती!

ते तडक डॉ. शाल्मली ऐनापुरेंच्या खोलीत शिरले. हा आयसोलेटर बाईंचाच शोध.

"ताई, कुलूप मी लावलंय. मग वीज सोडली कुणी?"

"जीवतोलानं," त्या म्हणाल्या. जीवतोल म्हणजे वीजजाळ्याचा मेंदू. कुठं वीज दिली तर किती जीव वाचतील आणि किती जातील, हे तो क्षणात मोजतो. "इस्पितळाची दुसरी लाईन गेली, मामा. ऑपरेशनच्या टेबलावर दोघं होते. त्याच्या हिशोबात तारेवर तुम्ही एकटे."

"आन कुलूप?"

"कुलूप लावलं की माणसं बिनघोर वर चढतात. एवढंच त्याचं काम."

मामांनी खिशातली किल्ली मुठीत धरली. किल्ली खिशात आहे तोवर तुम्हाला धक्काही लागणार नाही, असं याच बाईंनी त्यांना सांगितलं होतं. तोच शब्द मामांनी पुढं सगळ्या लाईनमनना दिला होता. बाईंनी केसानं गळा कापला होता.

"पण आमी कायम दोघं जातो," मामा एकदम म्हणाले. "आज माझ्या जोडीदाराला, विठूला, थांबायचा निरोप आला. त्याला बी धाडलं असतं तर दोनास दोन झालं असतं. मग?"

"बरोबरी झाली तर जीवतोल काहीच करत नाही. वीज तुटलेलीच राहते."

"मग विठूला थांबवलं कुणी? त्या यंत्रानं?"

ऐनापुरेबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इस्पितळाची ती लाईन काही दिवस कुरकुरत होती, हे त्यांना ठाऊक होतं. आज सकाळी ऑपरेशनं आहेत, हेही.

"नाही, मामा. विठूला मी थांबवलं."