पडद्यापलीकडची

आईनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, धाकटीचा पूर्ण बाह्यांचा कुर्ता घेऊन ये. भर दुपार होती. कपाटातून कुर्ता काढला, पिशवीत कोंबला आणि हॉस्पिटल गाठलं.

तातडीच्या विभागात दोन खाटांमध्ये फक्त हिरवा पडदा होता. अगदी टोकाच्या खाटेवर माझी बहीण पडली होती. हाताला टाके. ती जखम तिनंच करून घेतली होती आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण मावशीनं सगळं ठरवून टाकलं होतं.

"काचेचा ग्लास फुटला म्हणायचं, कळलं? डॉक्टर येतील, सही करतील, की चाललो घरी."

"आणि घरी गेल्यावर?"

"फोन काढून घेऊ तिचा. खूळ उतरेल आपोआप."

"मावशी, ताप आहे का तो, उतरायला?"

"बघ गं ताई, कॉलेजात हेच शिकवतात!" मावशी आईला म्हणाली. आई कुर्त्याच्या बाह्या टाक्यांपर्यंत पुरतात का, ते बघत होती.

दोघी औषधं आणायला गेल्या. मी स्टुलावर टेकले. स्पिरिटच्या वासाखाली आणखी एक वास होता, बंद खोलीत कुजलेल्या ओल्या कपड्यांसारखा. बाहेरची वर्दळ एकदम लांब गेल्यासारखी वाटली. धाकटी पडद्याकडे तोंड करून पुटपुटत होती.

"हो... काचच सांगायचंय."

पलीकडून एका मुलीचा दमलेला आवाज आला. "माझ्या घरच्यांनीही काचच सांगितली. टाके घातले... घरी नेलं. कुणी काही विचारलंच नाही."

"मग?"

"मग परत आणलं मला... तेव्हा टाके घालावे लागले नाहीत."

मी उठून पडदा सर्रकन ओढला.

भिंत होती. पडदा आणि भिंत यांच्यात माझा तळहातही आडवा मावला नसता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. मागोमाग आई आणि मावशी.

"कशानं लागलं?"

"काच," आई म्हणाली.

"काच नव्हती," मी म्हणाले. मावशीनं दंडाला चिमटा काढला, तसा मी आवाज चढवला. "तिनं स्वतः केलंय. तिला घरी पाठवू नका. आधी तिला विचारा तरी, काय होतंय ते!"

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. "यांना बाहेर थांबायला सांगू?" त्यांनी धाकटीला हळूच विचारलं. धाकटीनं मान डोलावली आणि ती हुंदके देत रडायला लागली. मावशी पाय आपटत बाहेर गेली.

तिला वरच्या वॉर्डात ठेवून घ्यायचं ठरलं, सतत कुणीतरी जवळ बसणार होतं. नर्स तिला व्हीलचेअरवरून घेऊन गेली. तिच्या चपला घ्यायला मी मागे राहिले.

गादीवर धाकटीच्या अंगाचा खळगा उमटला होता. त्याला चिकटून, भिंतीच्या बाजूला, आणखी एक.

मी हात लावला. पहिला अजून उबदार होता. दुसरा बर्फासारखा गार... आणि माझ्या हाताखालून तो हळूहळू वर येत होता, कुणीतरी निघायच्या तयारीनं उठून बसत असल्यासारखा.