हात तो हातच

होहोए गावाच्या पलीकडे, टोगोच्या सीमेलगत आमचं इस्पितळ आहे. तातडीच्या विभागात इतकी वर्षं काढल्यावर मला जखमेवरून माणसाचा धंदा सांगता येतो. शेतावरचा कोयता निसटला की पोटरी चिरते, झाडावरून पडलेल्याच्या टाचा जातात. ओकाडावाले, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणारे, बहुतेक नडगी मोडून येतात.

म्हणून या कोरड्या, धुळीच्या दिवसांत ओकाडावाले एकामागून एक उजवं मनगट मोडून यायला लागले तेव्हा मी चक्रावले. सगळे चर्चच्या उतारावर पडलेले. नडगीला ओरखडाही नाही. उजवा पंजा मात्र पूर्ण पसरलेला, काहीतरी घ्यायला पुढे केल्यासारखा.

"मागे म्हातारी बसली होती, डॉक्टर," मी प्लास्टर घालत असताना त्यांच्यातला मावुली म्हणाला. "उतारावर खांद्यावरून तिचा हात पुढे आला. 'घे बाळा,' म्हणाली. मी हात सोडला."

"उजवा? ब्रेक दाबतोस तोच?"

"मग काय, म्हाताऱ्या बाईकडून डाव्या हाताने घेऊ? माझ्या आईचा उद्धार झाला असता!"

"आणि ती बाई कुठंय? तिला खरचटलंसुद्धा नाही?"

"उठून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं." एरवी कशावरही खिदळणारी सिस्टर डेला आज हसली नाही, ते मला खटकलं.

माझा धाकटा भाऊ एलिकेमही ओकाडा चालवतो. आईवडिलांमागे मीच त्याला वाढवलं. दुपारी तो भेंडीच्या रश्शात मक्याच्या पिठाचं आक्प्ले बुडवून खात होता, तेव्हा मी विषय काढला.

"तो उतार काही दिवस सोड."

"ताई, बाजाराचा रस्ताच तो. उडत जाऊ?"

"मग त्या म्हातारीने काही दिलं तर डाव्याने घे. माफी मागायची आपली रीत आहे ना?"

आमच्यात डावा हात पुढे करावाच लागला, तर आधी 'डावा आहे, माफ करा' म्हणतात. समोरचा 'हात तो हातच' म्हणतो आणि कुणी मनात ठेवत नाही.

"तू डॉक्टर की मांत्रिक?" तो हसत सुटला.

म्हातारीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण त्याची मोटारसायकल दाराबाहेर सुरू झाली आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आपल्या पायांनी विभागात आला. उजवं मनगट धडधाकट होतं. मी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली, आणि डोळ्यांतून पाणी आलंच.

"ताई, ती आली होती."

"मग?"

"तू सांगितलंस तसं म्हणालो. डाव्याने घेतलं. 'हात तो हातच,' म्हणाली. फार खूश झाली बघ."

"दिलं काय तिने?"

त्याने खिशातून डावी मूठ बाहेर काढली.

"तेच बघायला आलोय. मूठ उघडत नाहीये."

मी एकेक बोट सोडवून पाहिलं. डेलाने जोर लावला. बोटं गरम होती, नाडी व्यवस्थित होती, आणि मूठ तसूभरही ढिली झाली नाही.

"आवळून धरू नकोस रे. सोड."

"मी धरलेलंच नाही, ताई."

आता तो हसत नव्हता.

मी स्वतः त्याचा एक्स-रे काढला.

काही मोडलं नव्हतं.

पण त्याच्या बोटांच्या हाडांत आणखी बोटं गुंतली होती. बारीक, सांध्यांत वाकलेली, म्हाताऱ्या माणसाची.

माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून लगेच दुसरा काढला.

त्यात ती बोटं त्याच्या मनगटापर्यंत आली होती.