चुन्याची डोण

सन एकोणीसशे छप्पनच्या मे महिन्यात, बव्हेरियातील हालरटाऊ प्रांतात, निडरहार्ट या गावी, श्टेगर यांच्या हॉपबागेच्या, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या वेलींच्या बागेच्या, फाटकाशी, पाऊस नुकताच उघडला असताना, एक तरुण एका कालवडीला दोरीने ओढत येऊन उभा राहिला.

श्टेगर यांची मुलगी बुर्गी पहिल्या ओळीत वाकून वेलींचे कोंब तारेला गुंडाळत होती. तीन कोंब राखायचे, सूर्याच्या चालीने वळवायचे, उरलेले खुडायचे. हात काळे आणि चिकट झालेले. कपाळावरची ओली बट मागे सारायची ती कोपराने. ओठांना चुकून बोट लागले की कडू जहर.

"अहो! तिथंच थांबा," ती ओरडली. "पाटी वाचता येत नाही का?"

"वाचली की. 'डोणीत बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.' अक्षर सुंदर आहे. तुमचं का?"

"बाबांचं."

"अस्सं... मग एवढं काही सुंदर नाही."

हसू लपवायला बुर्गीने वेलीकडे तोंड फिरवले. पाटीचा विषय मात्र हसण्याचा नव्हता. खोऱ्यात मर रोग आला होता. ती मातीतली बुरशी. बुटाच्या तळव्याला चिकटून बागेत शिरते, मुळातून वेलीच्या अंगात चढते, आणि ऐन जुलैत हिरवा वेल उभ्याउभ्या वाळतो. म्हणून फाटकापाशी चुन्याच्या पाण्याने भरलेली लाकडी डोण.

"टेकडीपलीकडे जायचंय," तो म्हणाला. "तुमच्या बागेतून गेलो तर संध्याकाळच्या आत पोचेन. पण बुटांना भोकं आहेत. चुन्यानं पाय भाजतील."

"मग गावाला वळसा घालून जा."

त्याने वळसा घातला नाही. बूट काढून गळ्यात अडकवले, गवतावर पाय खसाखसा पुसले, डोळे घट्ट मिटून ते डोणीत बुडवले. मग कालवडीकडे पाहून अदबीने विचारले, "आणि या बाईसाहेबांचं काय?"

"बाईसाहेबांनाही नियम लागू."

तो खरोखरच खाली बसला आणि तिचा एकेक खूर उचलून धुऊ लागला. शेवटच्या खुराला तिने अशी लाथ झाडली, की स्वारी चिखलात बसकण मारून मोकळी. बुर्गीला हसू आवरेना.

"हसा," तो म्हणाला. "नाव क्विरिन. पुढच्या वेळी नावानिशी हसा."

परक्याच्या बागेसाठी जो कालवडीचे खूर धुतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला आणखी पुरावा कशाला हवा, असे बुर्गीच्या मनाने त्याच क्षणी ठरवले. निष्कर्ष सदोष होता. इतकी काळजी घेणारा मनुष्य एक तर स्वभावाने दक्ष असतो, नाहीतर हलगर्जीची किंमत त्याच्या घराने अगोदर चुकती केलेली असते. ही दुसरी शक्यता तिने तपासली नाही. एकोणिसाव्या वर्षी कोण तपासतो?

पुढचे रविवार टेकडीच्या वाटेवर सरले. टेकडीपलीकडे क्विरिनच्या घरचीही हॉपबाग होती, एवढे तिला कळले. ऑक्टोबरच्या जत्रेतल्या नाचापर्यंत 'अहो'चे 'अरे' झाले होते.

"तुझी बाग कधी दाखवणार?" नाचता नाचता तिने विचारले.

"दाखवीन... एवढ्यात नको."

"का? माझ्याहून देखणी कुणी आहे तिथं?"

"एक कालवड आहे," तो म्हणाला. पण त्याची पावले ठेक्याला चुकली, आणि तिला वाटले, आपण फार जवळ आलो म्हणून चुकली.

हिवाळ्यात लग्न ठरले. हॉपची तोडणी आटोपली की सप्टेंबरात. मार्चमध्ये मुळे छाटायची वेळ आली, तेव्हा शेवटच्या ओळीत थंडीने मेलेल्या वेलींच्या मोकळ्या जागा पाहून बुर्गी क्विरिनला म्हणाली,

"इथं तुझ्या बागेचं बेणं लावू. मी तुझ्याकडे आले, तरी तुझं काही माझ्या घरी राहील."

क्विरिन म्हणाला, "आमचं बेणं काही विशेष नाही गं."

श्टेगर तर संतापलेच. "बाहेरचं बेणं? माझ्या बागेत? पोरी, ती पाटी काय शोभेला लावलीय?"

"बाबा, कालवडीचे खूर धुणारा माणूस आहे तो!"

म्हातारा विरघळला. बेणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आले. दोघांनी मिळून लावले. मुळांवर माती ओढताना क्विरिनचे हात थरथरत होते.

"थंडी आहे," तो म्हणाला.

ती थरथर बुर्गीने कितीतरी दिवस जिवापाड जपली.

जुलैत शेवटच्या ओळीची खालची पाने पिवळी पडली, कडांनी करपली. जिल्ह्याचे पीकतज्ज्ञ लोइबल आले. त्यांनी वेल बुंध्याशी तिरका कापला. आत तपकिरी.

"मर," ते म्हणाले. "बेणं कुठलं?"

श्टेगर यांनी मुलीकडे पाहिले. बुर्गी खाली पाहत राहिली. नाव घेतले तर क्विरिनची बाग जाणार. न घेतले तर तेच बेणे उद्या आणखी कुणाच्या मातीत—

"माझं," फाटकातून आवाज आला. क्विरिन उभा होता. रविवारचा सदरा, पायांत लग्नासाठी घेतलेले नवे बूट.

"तुला माहीत होतं?" तिने विचारले.

"आमची अर्धी बाग आम्ही गुपचूप उपटली होती, आपण भेटलो त्याच्या आदल्याच वर्षी. हे बेणं चांगल्या अर्ध्यातलं, बुर्गी! एकेक तुकडा कापून पाहिला... आत पांढराशुभ्र होता."

"बुरशी आधी येते, रंग मागाहून," लोइबल म्हणाले. मग श्टेगर यांच्याकडे वळून, "दिसतंय या ओळीत, पण नांगराबरोबर ही माती सगळीकडे गेलीय. सगळी बाग काढा. मुळांसकट जाळा."

श्टेगर यांनी जवळच्या खांबाला हात टेकला.

"मला सांगायचं होतंस," बुर्गी म्हणाली.

"सांगितलं असतं, तर तुझ्या बाबांनी हे लग्न—"

"बाबांना नाही. मला."

"हे कळल्यावर तू तरी माझ्या घरी आली असतीस?"

"आले असते." उत्तर इतक्या लगेच आले, की क्विरिनने मान खाली घातली. "तू मला विचारलंच नाहीस. माझ्या वतीनं तूच 'नाही' म्हणून मोकळा झालास... आणि वर माझ्या मातीत हे लावलंस."

क्विरिन फाटकाशी वाकला, नव्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट बाजूला ठेवले आणि पहिल्या दिवशीसारखा अनवाणी पाय डोणीत बुडवायला निघाला.

"राहू दे," बुर्गी म्हणाली. "बूट घाल आणि घरी जा. आता इथं जपायला काही उरलं नाही."